शेवटची तबकडी कुठली?

इंदूरला रामबागेत आमच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तबकड्या ऐकायला मंडळी जमतात. आधी पोहे, मग चहा, मग ऐकणं. एरवी अमीर खाँसाहेब, कुमारजी, लताबाई; सगळी माळव्याशी नाळ असलेली माणसं. गेल्या खेपेला भाचीच्या आग्रहाखातर बीटल्स या इंग्लंडमधल्या चौघांच्या बँडची ‘लेट इट बी’ लावली. दुसरी बाजू संपली तशी ती म्हणाली, “मामा, ही शेवटची ना त्यांची? चौघांचं मन एकात नाही, हे ऐकू येतंय. एवढ्या मोठ्या मंडळींनी निरोप असा का घ्यावा?”

प्रश्न मला लागला, कारण त्यांनी निरोप असा घेतलाच नव्हता. ‘लेट इट बी’ ८ मे १९७० रोजी बाजारात आली, त्या अर्थाने ती शेवटची. पण तिचं बहुतेक मुद्रण जानेवारी १९६९मधलं आहे. त्यानंतर चौघांनी मिळून ‘ॲबे रोड’ केली आणि ती २६ सप्टेंबर १९६९ला आलीसुद्धा. आधीची मागून आली, मागची आधी आली. हा क्रम उलटा कसा झाला ते समजलं, की बीटल्स का फुटले हेही बरंचसं समजतं.

घर फुटायला लागलं ते कर्ता माणूस गेल्यावर. त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन २७ ऑगस्ट १९६७ला वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी गेला. करार, दौरे, पैसा, चौघांतल्या कुरबुरी, सगळं तोच निस्तरायचा. १९६८च्या सुरुवातीला मंडळी ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात गेली आणि ढीगभर गाणी घेऊन परतली. पण ती मुद्रित करताना जो तो आपल्या गाण्यापुरता राहू लागला. त्या ऑगस्टमध्ये रिंगो स्टार, चौघांतला सगळ्यांत समजूतदार, सोडूनच गेला. दोनेक आठवड्यांनी परतला तेव्हा त्याचे ड्रम फुलांनी सजवून ठेवले होते.

पॉल मॅकार्टनीला वाटलं, यावर उपाय एकच: पुन्हा एकत्र वाजवायचं. नंतर वरून काही जोडायचं नाही, चौघांनी समोरासमोर बसून गाणी बसवायची, ती बसताना चित्रित करायची आणि शेवटी लोकांपुढे कार्यक्रम करायचा. २ जानेवारी १९६९ला लंडनच्या ट्विकनहॅम फिल्म स्टुडिओत काम सुरू झालं. गोदामासारखी अवाढव्य, गारठलेली जागा. रात्री जागून गाणी करणाऱ्यांना सकाळी हजेरी. त्यात दिवसभर कॅमेरे रोखलेले. रियाज अशा जागी होत नाही. गाणारं कुणीही हे सांगेल.

इथे सगळ्यांत जास्त घुसमटला तो जॉर्ज हॅरिसन. तबकडीवर त्याच्या वाट्याला एखाद-दुसरं गाणं यायचं, बाकी जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची. ते दोघं लिहायला लागले तेव्हा जॉर्ज पोरसवदा होता, तेव्हा हे चालून गेलं. पण १९६९पर्यंत तो मोठा झाला होता. रविशंकरांकडे सतार शिकला होता. रविशंकर अलाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य, आणि खाँसाहेबांचं मैहर आमच्याच मध्य प्रदेशातलं. त्यामुळे जॉर्जबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे, हे कबूल करतो. त्याच्या वहीत चांगली गाणी साठत होती आणि घरात त्यांना जागा नव्हती. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ त्याने या जानेवारीतच पुढे ठेवलं होतं. ते घेतलं गेलं नाही. नोव्हेंबर १९७०मध्ये त्याने स्वतःचा तीन तबकड्यांचा संच काढला, त्याला नाव दिलं तेच.

६ जानेवारीला गिटार कशी वाजवायची यावरून पॉल आणि त्याची जुंपली. जॉर्जचा आवाज चढलासुद्धा नाही. तू सांगशील ते वाजवीन, नको म्हणशील तर वाजवणार नाही, एवढंच तो म्हणाला. मोठ्या भावाच्या घरात राहणारा धाकटा असंच बोलतो. दोन दिवसांनी त्याने नवं गाणं आणलं, ‘आय मी माइन’. मी, मला, माझं. गाणं मीपणावर आहे. तो ते शिकवत होता आणि त्याच्या चालीवर जॉन लेनन त्याच्या प्रेयसीसोबत, योको ओनोसोबत, वॉल्ट्झ नाचत होता. १० जानेवारीला दुपारच्या जेवणाच्या वेळी जॉर्जने बँड सोडत असल्याचं सांगितलं. त्या दिवशीची त्याची रोजनिशी म्हणजे, उठलो, ट्विकनहॅमला गेलो, दुपारपर्यंत तालीम केली, बीटल्स सोडले, घरी आलो. किराणा आणल्याची नोंद करावी तशी. माणूस किती थकला असेल!

योकोबद्दल इथेच लिहितो. तिने बँड फोडला, हे वाक्य पन्नास वर्षं घोकलं गेलं. २०२१मध्ये दिग्दर्शक पीटर जॅक्सनने या महिन्याचं जवळपास आठ तासांचं चित्रण लोकांपुढे आणलं, त्यात ती बहुतेक वेळ जॉनशेजारी वर्तमानपत्र वाचत, टपाल चाळत बसलेली दिसते. तिच्या सततच्या असण्याने इतरांना अवघडल्यासारखं झालं असेल. पण एका बाईच्या माथी सगळं मारणं हा अन्याय आहे, आणि बँड तिने फोडला नाही असं पॉलनेही पुढे जाहीरपणे सांगितलं.

जॉर्ज परतला तो अटी घालून: मोठा कार्यक्रम रद्द, ट्विकनहॅम बंद. २१ जानेवारीपासून त्यांच्याच कंपनीच्या इमारतीच्या तळघरात, ३ सॅव्हिल रो इथे काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी, सुरुवातीला जर्मनीत हॅम्बुर्गला वाजवायचे तेव्हापासून ओळखीचा बिली प्रेस्टन सहज भेटायला आला आणि कीबोर्डवर बसला. त्याने सूर धरला आणि खोलीतली हवाच बदलली. पाहुणा आला की घरातली माणसं नीट वागतात, तसं. ३० जानेवारीला याच इमारतीच्या गच्चीवर त्यांनी ४२ मिनिटं वाजवलं. इतका गार वारा की जॉनने योकोचा फरकोट चढवला होता, रिंगोने बायकोचा लाल रेनकोट, आणि वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून मायक्रोफोनना बायकांचे पायमोजे घातले होते. खाली पोलीस आले. ‘वन आफ्टर ९०९’ हे जॉन-पॉलनी पोरवयात लिहिलेलं गाणं तिथे वाजलं आणि तबकडीवर तेच गच्चीवरचं आहे. भाचीला म्हटलं, तेवढं पुन्हा ऐक. दोघं हसत गाताहेत.

मग तबकडी तेव्हाच का आली नाही? ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सने दोनदा जुळवून दिली, मे १९६९ला आणि जानेवारी १९७०ला. दोन्ही खेपा नाकारल्या गेल्या. रिळं पडून राहिली.

मधल्या काळात वह्या उघडल्या गेल्या होत्या, हिशेबाच्या. जॉन, जॉर्ज आणि रिंगोला कारभार ॲलन क्लाइन या अमेरिकी व्यवस्थापकाकडे हवा होता; पॉलला आपले सासरे आणि मेव्हणा, ईस्टमन बापलेक. मार्च १९६९मध्ये त्यांच्या गाण्यांचे हक्क असलेल्या नॉर्दर्न साँग्जमधला वाटा भागीदाराने त्यांना न सांगता एटीव्ही या ब्रिटिश टीव्ही कंपनीला विकला. स्वतःच्या गाण्यांची मालकी हातची गेली. तीनास एक अशी फळी पडली ती यात, सुरांवरून नव्हे.

आमच्या घराण्यात वाड्याची वाटणी झाली तेव्हा चुली वेगळ्या झाल्या, मधे भिंत आली. गणपती मात्र सामाईक राहिला. दहा दिवस कुणी हिशेब काढत नसे. १९६९चा जुलै-ऑगस्ट मला तसाच वाटतो. पॉलने त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिनला विचारलं, पूर्वीसारखी एक तबकडी करायची का? मार्टिनने होकार दिला तो, पूर्वीसारखंच वागणार असाल तर, या अटीवर. तीच ‘ॲबे रोड’. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मुळीच नाही. जॉन मोटार अपघातातून सावरत होता, ‘हिअर कम्स द सन’वर तो नाहीच. पण जॉर्जची दोन गाणी, हे आणि ‘समथिंग’, या वेळी सगळ्यांत पुढे उभी आहेत. आणि हिशेबाच्या कागदांवरच्या वैतागातून पॉलने ‘यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी’ लिहिलं, दुसऱ्या बाजूच्या, एकातून एक गुंफलेल्या गाणीमाळेची सुरुवात त्याने होते.

त्या माळेच्या शेवटी ‘द एंड’ आहे. एरवी एकट्याने वाजवायला कधीच राजी न होणारा रिंगो इथे काही क्षण एकटा ड्रम वाजवतो. मग पॉल, जॉर्ज, जॉन याच क्रमाने आळीपाळीने गिटार घेतात, तीन फेऱ्या. जुगलबंदी नाही म्हणणार, कारण कुणी कुणाला हरवायला बघत नाही. पॉलची टोकदार, जॉर्जची गाती, जॉनची खरखरीत. तिघांचे स्वभाव कळतात आणि प्रत्येकजण पुढच्यासाठी जागा सोडतो.

२० ऑगस्टला चौघं स्टुडिओत शेवटचे एकत्र होते. बरोब्बर महिन्याने, २० सप्टेंबरच्या बैठकीत, छोट्या ठिकाणी जाऊन वाजवू या असं पॉल सांगत असताना जॉन म्हणाला, मी सोडतोय. त्याने शब्द वापरला तो घटस्फोट. तबकड्या काढणाऱ्या कंपनीशी नवा करार होत होता म्हणून गोष्ट दाबून ठेवली गेली.

३ जानेवारी १९७०ला, आदल्या जानेवारीच्या चित्रणातून होणाऱ्या सिनेमासाठी एक गाणं हवं म्हणून पॉल, जॉर्ज आणि रिंगो जमले. जॉन डेन्मार्कला होता. गाणं होतं ‘आय मी माइन’. फुटण्याआधी बीटल्स म्हणून मुद्रित केलेलं ते शेवटचं नवं गाणं. मीपणावरचं, आणि तेही चौघांतला एक नसताना.

मग पडून असलेली रिळं फिल स्पेक्टर या अमेरिकी निर्मात्याकडे गेली. १ एप्रिलला त्याने मोठा वाद्यवृंद आणि स्त्रियांचा कोरस बोलावून ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर चढवला. वरून काही जोडायचं नाही, या पॉलच्या मूळ अटीवर! त्या दिवशी बीटल्सपैकी हजर होता एकटा रिंगो. पॉलला हे काम झाल्यावर कळलं. १४ एप्रिलला त्याने क्लाइनला पत्र लिहिलं: तंतुवाद्यं, पितळी वाद्यं, कोरसचे आवाज कमी करा, शेवटची हार्प काढा, पुन्हा असं करू नका. काही बदललं नाही. त्याआधीच, १० एप्रिलला, पॉल बीटल्स सोडतोय अशी बातमी वर्तमानपत्रात आली होती. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने इतर तिघांवर दावा लावला, आणि भागीदारी कायद्याने संपायला १९७५चा जानेवारी उजाडला.

पुढच्या रविवारी आम्ही ‘ॲबे रोड’ लावली, दुसरी बाजू. ‘द एंड’ संपलं, खोली शांत. भाची सुई उचलायला वाकली तसा मी तिचा हात धरला. चौदा सेकंद नुसती खरखर, आणि मग ‘हर मॅजेस्टी’, तेवीस सेकंदांचं. पॉलने माळेतून काढून टाकायला सांगितलं होतं; पण बीटल्सचं काही फेकायचं नाही असा स्टुडिओचा नियम, म्हणून एका पोरगेल्या तंत्रज्ञाने तो तुकडा रिळाच्या शेवटी चिकटवून ठेवला आणि तो तसाच राहिला. त्याचा शेवटचा सूर कापताना मागे राहून गेला होता. गाणं एकदम थांबतं.

“पुढचा सूर कुठाय?” भाचीने विचारलं. मी सुई पुन्हा मागे नेली, ‘पॉलिथीन पॅम’च्या सुरुवातीला. तिथे, दुसऱ्या गाण्याच्या तोंडाखाली दबलेला, तो ऐकू येतो.