संमती कोणाची, नजर कोणावर : विस्कॉन्सिनच्या एथिक्स कमिशनची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आमदार, मंत्री आणि बड्या अधिकाऱ्यांच्या मालमत्तेची विवरणपत्रे, लॉबिंग करणाऱ्यांची नोंदणी आणि निवडणूक निधीचे हिशेब एथिक्स कमिशन तपासते. या कमिशनवर कोण बसणार आणि त्याचा कारभार कोण पाहणार, यात राज्याच्या विधिमंडळाचा मोठा वाटा आहे. म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची, तेच नजर ठेवणाऱ्याला निवडतात किंवा नाकारतात. गेल्या पन्नास वर्षांत या राज्याने या पेचावर तीन वेगवेगळे तोडगे काढून पाहिले.

पहिला तोडगा सरळ होता. १९७३च्या कायद्याने स्टेट एथिक्स बोर्ड स्थापन झाले. गव्हर्नरने, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाने, सहा सदस्य नेमायचे आणि सिनेटने, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहाने, त्यांना संमती द्यायची. आपल्याकडे ही रीत नाही. महाराष्ट्राच्या १९७१च्या लोकायुक्त कायद्यात राज्यपाल उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि विरोधी पक्षनेते यांच्याशी विचारविनिमय करून नेमणूक करतात; सभागृहात मतदान होत नाही. अमेरिकेत मात्र संमती हा सभागृहाचा हक्क मानला जातो.

निवडणुकांसाठी तेव्हा वेगळे बोर्ड होते आणि त्यावर पक्षांनी सुचवलेली माणसे बसत. या दोन्ही बोर्डांचा कस २००१मध्ये लागला. विधिमंडळातल्या पक्षकार्यालयांचे कर्मचारी सरकारी पगारावर, सरकारी वेळेत उमेदवारांचा प्रचार करतात, हे एका वर्तमानपत्राने उघड केले. पुढच्याच वर्षी सिनेटमधले बहुमताचे नेते चक चवाला (डेमोक्रॅट) आणि असेंब्लीचे, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचे, अध्यक्ष स्कॉट जेन्सन (रिपब्लिकन) यांच्यावर गुन्हे दाखल झाले. दोन्ही पक्षांचे सर्वांत वजनदार नेते एकाच प्रकरणात अडकले होते, आणि हे बाहेर काढले ते पत्रकारांनी आणि सरकारी वकिलांनी. बोर्डांच्या हातून ते झाले नव्हते. माझ्या मते सुधारणेला खरा जोर इथून मिळाला.

२००७च्या जानेवारीत खास अधिवेशनात गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी बोर्डाचा कायदा मंजूर झाला. सिनेटमध्ये तो ३३ विरुद्ध शून्य, तर असेंब्लीत ९७ विरुद्ध २ मतांनी पास झाला. सिनेट तेव्हा डेमोक्रॅटांकडे, असेंब्ली रिपब्लिकनांकडे होती, हे लक्षात घेतले तर या आकड्यांचे मोल कळते. दोन्ही जुनी बोर्डे एकत्र करून सहा माजी न्यायाधीशांचे एक बोर्ड करण्यात आले.

नेमणुकीची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. आधी अपील न्यायालयांच्या चार विभागांतून प्रत्येकी एक न्यायाधीश चिठ्ठी टाकून निवडायचा. या चौघांच्या समितीने नावे एकमताने सुचवायची. गव्हर्नरने त्यांतूनच निवड करायची आणि मग सिनेटची दोन तृतीयांश मतांनी संमती घ्यायची. सिनेटचा अधिकार शाबूत राहिला, पण नावांची पहिली यादी राजकारण्यांच्या हातून गेली. शिवाय संमतीला दोन तृतीयांश मते लागत असल्याने एकट्या सत्ताधारी पक्षाला सहसा भागत नसे. संमतीची इतकी विचारपूर्वक बांधणी मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे. चौकशीच्या खर्चासाठीही बोर्डाला दर वेळी विधिमंडळापुढे हात पसरावे लागत नव्हते.

हे बोर्ड टिकले नाही. २०१२ची गव्हर्नरपदाची ‘रिकॉल’ निवडणूक, म्हणजे मुदतीआधीच गव्हर्नरला हटवायचे का यावरचे मतदान, झाल्यावर गव्हर्नर स्कॉट वॉकर (रिपब्लिकन) यांचा प्रचार आणि बाहेरच्या गटांचा पैसा यांच्यातल्या संबंधांची ‘जॉन डो’ पद्धतीने, म्हणजे न्यायाधीशाच्या देखरेखीखाली गुप्तपणे, चौकशी चालली. बोर्ड तिच्यात सहभागी होते. जुलै २०१५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही चौकशी थांबवली आणि त्याच डिसेंबरात वॉकर यांनी बोर्ड मोडीत काढणाऱ्या कायद्यावर सही केली. चौकशीतल्या चुकांवर प्रामाणिक टीका करायला जागा होती. पण उपाय म्हणून सगळी रचनाच उखडली गेली, ही खटकणारी गोष्ट आहे.

त्याच कायद्याने ३० जून २०१६पासून पुन्हा दोन कमिशने आली, एक निवडणुकांसाठी आणि एक एथिक्ससाठी. एथिक्स कमिशनच्या सहा जागांपैकी चार विधिमंडळातले चार पक्षनेते थेट भरतात. उरलेल्या दोन जागांवर माजी न्यायाधीश येतात, पण तेही पक्षनेत्यांनी दिलेल्या यादीतून गव्हर्नर निवडतात आणि त्यांना सिनेटची साधी बहुमताची संमती लागते. कोणताही महत्त्वाचा निर्णय घ्यायला सहापैकी चार मते हवीत, त्यामुळे तीन-तीनची कोंडी हा रोजचा धोका. कमिशनचा प्रशासक कमिशनच नेमते, पण त्यालाही सिनेटची संमती लागते.

या संमतीची धार २३ जानेवारी २०१८ रोजी दिसली. एथिक्स कमिशनचे प्रशासक ब्रायन बेल आणि निवडणूक कमिशनचे मायकेल हास हे दोघे दीड वर्ष काम पाहत होते. दोघांनीही जुन्या बोर्डात नोकरी केली होती, आणि त्या गुप्त चौकशीची कागदपत्रे फुटल्याने रिपब्लिकन नेते संतापलेले होते. बेल यांनी जाहीर सुनावणी मागितली, ती मिळाली नाही. सिनेटने पक्षनिहाय मतांनी, १८ विरुद्ध १३, दोन्ही नावे फेटाळली. ज्या कमिशनवर दोन्ही पक्षांची समान माणसे आहेत, त्याने निवडलेला माणूस एका पक्षाच्या बहुमताने घरी पाठवला. संमतीचा अधिकार वापरण्याला माझी हरकत नाही. ज्याच्यावर आक्षेप आहेत त्याला सर्वांसमोर बोलू न देता तो वापरला, याला आहे.

त्यानंतर वाद उलट्या टोकाने आला. २०२२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की मुदत संपली तरी जागा रिकामी झाली असे होत नाही. सिनेट नव्या माणसाला संमती देईपर्यंत जुना बसू शकतो. तो खटला नैसर्गिक साधनसंपत्ती मंडळाचा होता, पण परिणाम सगळीकडे झाला. निवडणूक कमिशनच्या प्रशासक मेगन वुल्फ यांची मुदत जुलै २०२३मध्ये संपली. फेरनेमणुकीसाठी कमिशनमध्ये झालेल्या मतदानात डेमोक्रॅट सदस्य तटस्थ राहिले आणि चार मते झालीच नाहीत. तरीही सिनेटने ते नाव आपल्यापुढे आल्याचे धरून २२ विरुद्ध ११ मतांनी नाकारले. फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की वुल्फ पदावर राहू शकतात आणि नवी नेमणूक करण्याची सक्ती कमिशनवर नाही. म्हणजे सिनेटला नकार देण्याचा अधिकार आहे, पण कमिशनने नावच पाठवले नाही तर तो वापरायला काही उरत नाही. एथिक्स कमिशनच्या प्रशासकाच्या नेमणुकीची तरतूदही त्याच २०१५च्या कायद्यातून आलेली आहे.