रेशनचा अंगठा आणि पासकीचा अंगठा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांवर राबणाऱ्या हमालांपासून विश्रामबागेतल्या निवृत्त शिक्षकांपर्यंत अनेकांना मी गेली काही वर्षे मोबाइलवरचे व्यवहार शिकवते. पासकी म्हणजे पासवर्डाऐवजी फोनमध्ये जपलेल्या डिजिटल किल्लीने खात्यात आत जाण्याची सोय. फोनच्या पडद्यावर ‘पासकी तयार करा’ अशी सूचना आली आणि तिच्याखाली बोट टेकवण्याची खूण दिसली, की समोरच्या मंडळींचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘अंगठा द्यायचा नाही, तो कंपनीकडे जातो आणि मग खाते रिकामे होते.’ दुसरा म्हणतो, ‘रेशनला देतोच की, तसाच हा, त्यात काय भ्यायचे?’ दोघेही चुकतात, आणि एकाच कारणाने चुकतात: रेशन दुकानातला अंगठा आणि पासकीचा अंगठा ही एकच गोष्ट आहे, असे दोघांनीही धरलेले असते. बातम्यांमध्ये आणि जाहिरातींत या दोन्हींना सरसकट ‘बायोमेट्रिक लॉगिन’ म्हटले जाते. या शब्दाचा मला मनापासून राग आहे, कारण ज्या ठिकाणी फरक सांगायला हवा, नेमक्या त्याच ठिकाणी तो फरक झाकतो.

आधारचा अंगठा सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याबद्दल थोडक्यात सांगते. आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, सप्टेंबर २०१० मध्ये देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. नोंदणीच्या वेळी दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतले गेले आणि ते आधार प्राधिकरणाच्या केंद्रीय भांडारात ठेवले गेले. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर, बँक मित्राच्या यंत्रावर किंवा नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना आपण बोट टेकवतो, तेव्हा त्या बोटाची नोंद यंत्रातच कुलूपबंद होऊन, म्हणजे कूटबद्ध होऊन, आधार क्रमांकासह त्या भांडारापर्यंत प्रवास करते. तिथे ती जुन्या नोंदीशी ताडून पाहिली जाते आणि ‘जुळला’ किंवा ‘जुळला नाही’ असे उत्तर परत येते. दुकानदाराने किंवा बँकेने तो ठसा स्वतःकडे साठवायला कायद्याने बंदी आहे. या व्यवस्थेत तुमचा ठसा हाच पुरावा आहे, आणि तो तपासण्यासाठी दूरवर न्यावा लागतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे समजायला सोपे जाते.

पासकीत ठसा हा पुरावा नसतो. घोटाळा होतो तो इथेच, म्हणून इथे जरा थांबू.

तुम्ही एखाद्या संकेतस्थळावर पासकी तयार करता, तेव्हा तुमचा फोन किल्ल्यांची एक जोडी घडवतो. एक खासगी किल्ली, जी तुमच्याकडे राहते, आणि एक सार्वजनिक किल्ली, जी त्या संकेतस्थळाला दिली जाते. पुढे तुम्ही आत जाऊ इच्छिता, तेव्हा संकेतस्थळ दर वेळी एक नवा, पूर्वी कधीही न वापरलेला मजकूर पाठवते आणि म्हणते, यावर सही करून दाखवा. फोन खासगी किल्लीने त्या मजकुरावर सही करतो, सही परत जाते आणि संकेतस्थळ ती सार्वजनिक किल्लीने तपासते. या साऱ्या देवघेवीत तुमच्या अंगठ्याचा संबंध फक्त एका क्षणापुरता येतो: खासगी किल्ली ज्या कप्प्यात बंद आहे, तो कप्पा उघडण्यापुरता. तो कप्पा तुमच्याच फोनमध्ये असतो, ठसा तिथेच ताडला जातो आणि संकेतस्थळाला ‘धन्याने कप्पा उघडला’ एवढाच निरोप सहीसोबत मिळतो. कोणते बोट होते, कोणाचे होते, हे त्याला कळत नाही.

गावाकडच्या उदाहरणाने सांगायचे तर, ग्रामपंचायतीचा शिक्का कपाटात असतो आणि कपाटाची चावी ग्रामसेवकाच्या कनवटीला असते. दाखला मागायला आलेल्या माणसाला शिक्का उमटलेला कागद मिळतो. शिक्का मिळत नाही आणि चावी तर मुळीच मिळत नाही. पासकीत सही म्हणजे तो कागद, खासगी किल्ली म्हणजे शिक्का आणि तुमचा अंगठा म्हणजे कनवटीची चावी. आधारच्या अंगठ्याला या चित्रात जागाच नाही, कारण तिथे अंगठाच शिक्का असतो. आणि सार्वजनिक किल्ली म्हणजे काय, असे कोणी विचारले, तर मी बँकेतल्या सहीच्या नमुन्याचे उदाहरण देते, मात्र एका मोठ्या फरकासह: बँकेतला नमुना हाती लागला, तर त्यावरून खोटी सही गिरवता येते, सार्वजनिक किल्ली कितीही जणांच्या हाती लागली, तरी तिच्यावरून खरी सही तपासता येते, पण नवी सही घडवता येत नाही. म्हणून एखाद्या कंपनीचा सर्व्हर फुटला, तरी चोराच्या हाती पासकीपुरता केवळ नमुनाच पडतो.

हे सांगूनही शंका उरते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. ‘तुम्ही म्हणता ठसा जात नाही, पण आम्हाला काय दिसते?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येकाच्या हातातल्या फोनमध्येच आहे. पासकीने आत जाताना अंगठा लागला नाही, तर फोन तुमचा स्क्रीन लॉकचा पिन किंवा पॅटर्न विचारतो आणि तो बरोबर दिला की काम होते. अंगठाच जर कंपनीकडे तपासला जात असता, तर चार-सहा आकडी पिनाने त्याची जागा कशी भरून निघाली असती? रेशनच्या मशीनवर पिन टाकून पाहा. तिथे अशी सोयच नाही. दुसरी खूण अशी, की नवा फोन घेतल्यावर तुम्हाला बोटांचे ठसे पुन्हा पहिल्यापासून नोंदवावे लागतात. पासकी गुगल किंवा ॲपलच्या खात्यातून नव्या फोनवर येतात, त्या कूटबद्ध होऊन प्रवास करतात. ठसे मात्र येत नाहीत, कारण ते जुन्या फोनबाहेर कधी पडलेलेच नसतात. हळद, ऊस आणि सिमेंटच्या कामाने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांना तर हा फरक रोज भोगावा लागतो. रेशनच्या मशीनवर त्यांचे बोट चार-चार वेळा नाकारले जाते आणि त्यांचे काम अडते. पासकीत ते सरळ पिन टाकतात आणि पुढे जातात.

आता हा फरक कळल्याने काय बदलते, ते पाहू. आपल्या देशात काही राज्यांत दस्त नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे बनावट अंगठे तयार करून, आधारच्या आधारे बँकेतून पैसे काढल्याचे प्रकार घडले. त्यानंतर बोट जिवंत माणसाचे आहे की नाही, याची तपासणी प्राधिकरणाने कडक केली, आणि वापर नसताना आपला ठसा बंद ठेवण्यासाठी बायोमेट्रिक लॉकची सोयही दिलेली आहे. ती प्रत्येकाने वापरावी, असे माझे ठाम मत आहे. पण ही भीती जशीच्या तशी पासकीवर लादणे चुकीचे आहे. बनावट अंगठा घेऊन कोणी दुसऱ्या गावातून तुमच्या पासकीने आत जाऊ शकत नाही. त्याला आधी तुमचा फोन हातात घ्यावा लागेल. शिवाय ठसा एकदा फुटला, की माणूस दुसरे बोट आणू शकत नाही, तर पासकी संकेतस्थळाच्या सेटिंगमधून काढून नवी तयार करता येते.

ओटीपीशी होणारी गल्लत किरकोळ आहे. पासवर्ड टाकावा लागला नाही म्हणजे ओटीपी आणि पासकी सारखेच, असे काहींना वाटते. ओटीपी हा थोड्या वेळापुरता जगणारा पासवर्डच आहे. तो फोनवर सांगता येतो, खोट्या पानावर टाकता येतो आणि म्हणूनच लुबाडला जातो. पासकी सांगता येत नाही, कारण ती तुम्हालाही ठाऊक नसते. आणि ती ज्या संकेतस्थळासाठी घडली, त्याच्याच नावाशी बांधलेली असल्याने हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानासमोर फोन ती पुढेच करत नाही.

इथवर वाचून पासकी सर्वच बाबतींत वरचढ आहे, असे वाटेल, पण तसे नाही. आधारचा अंगठा हा माणूस कोण आहे, याचे उत्तर देतो. पासकी त्या प्रश्नाला हातच घालत नाही. ज्याला हा फोन उघडता येतो, तोच आत आला आहे, एवढेच ती सांगते. आपल्याकडे घरातला एकच चांगला फोन तिघे-चौघे वापरतात, नातवाचे बोट आजोबांच्या फोनमध्ये नोंदलेले असते, आणि दुरुस्तीला दिलेल्या फोनचा पिन चिठ्ठीवर लिहून दुकानदाराकडे ठेवला जातो. अशा फोनमधली पासकी त्या सर्वांची होते. आधारच्या बाबतीत आपला ठसा जपायचा असतो. पासकीच्या बाबतीत आपला स्क्रीन लॉक जपायचा असतो. ज्यांनी दोन्ही अंगठे एक मानले, ते नेमकी उलटी काळजी घेतात: बोट टेकवायला घाबरतात आणि पिन मात्र सर्वांना सांगून ठेवतात. माझ्या वर्गात पासकीचा धडा सुरू करण्याआधी मी प्रत्येकाला फोनच्या सेटिंगमध्ये किती बोटे नोंदलेली आहेत, ते मोजायला लावते.

हा फरक आता एकाच ॲपमध्येही भेटू लागला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयसाठी दोन सोयी जाहीर झाल्या: आधारच्या चेहरा-पडताळणीने यूपीआय पिन ठरवणे, आणि पैसे देताना पिनाऐवजी फोनमधलाच ठसा किंवा चेहरा वापरणे. पहिलीत तुमचा चेहरा आधारच्या भांडाराशी ताडला जातो, दुसरीत तो फोनच्या आतच ताडला जातो. दोन्हींच्या बातम्या एकाच ओळीत आल्या आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या मनातला गोंधळ दुणावला.

पासकी मागे का पडते आहे, याची तांत्रिक कारणे मला तितकीशी मोठी वाटत नाहीत. तिचे तांत्रिक मानक मार्च २०१९ मध्ये ठरले, मे २०२२ मध्ये ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र पाठिंबा जाहीर केला, २०२३ मध्ये गुगलच्या खात्यांना आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपला ती मिळाली, आणि अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनवर ती चालते. खरी अडचण अशी, की आपल्या भागात अनेकांची ऑनलाइन कामे स्वतःच्या फोनवर होतच नाहीत. अर्ज भरायला माणूस सेवा केंद्रात जातो आणि तिथल्या चालकाच्या संगणकावर आत शिरतो. एका केंद्रात चालकाने, कोणताही वाईट हेतू नसताना, केवळ सूचना आली म्हणून ‘होय’ दाबले आणि एका शेतकऱ्याच्या ईमेल खात्याची पासकी केंद्राच्या संगणकावर तयार झाली. त्या शेतकऱ्याने फक्त ओटीपी सांगितला होता. त्याच्या खात्याचे दार त्या दिवसापासून दुसऱ्याच्या चावीने उघडत होते, आणि ते कळायला आम्हाला त्याच्या खात्यातली पासकींची यादी उघडून पाहावी लागली. पासकी तयार करण्याचा ‘होय’ फक्त स्वतःच्या फोनवरच दाबायचा, हा नियम म्हणूनच मी कधीही सैल करत नाही.

दुसरी अडचण मागच्या दाराची आहे. बहुतेक संकेतस्थळे पासकी देतात, पण ती चालली नाही तर एसएमएसवर ओटीपी पाठवून आत घेतात. पुढच्या दाराला भक्कम कुलूप घालून मागचे दार कडीवर ठेवण्यासारखेच हे आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांत डिजिटल पेमेंटसाठी एसएमएसखेरीज इतर मार्गांना वाट करून दिली. बँकांनी तिचा उपयोग करावा आणि ग्राहकाला मराठीत नीट समजावूनही सांगावे. ‘पासकी’ हा शब्द ठेवायला माझी हरकत नाही, पण त्याखाली ‘तुमचा ठसा फोनबाहेर जात नाही’ हे एक वाक्य ठळक छापायला काय अवघड आहे?

तिसरी अडचण सांगलीकरांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले, तेव्हा अनेकांचे फोन, कागद, सारे एकाच रात्री गेले. ज्याच्याजवळ काहीही उरले नाही, त्याला बोट टेकवून आपण कोण हे सिद्ध करता येते, हे आधारच्या अंगठ्याचे मोठेपण मी मान्य करते. पासकी फोनसोबत बुडू शकते. ती खात्यात समक्रमित असेल, तर नव्या फोनवर परत येते, पण अँड्रॉइडवर त्यासाठी जुन्या फोनचा स्क्रीन लॉक किंवा गुगल पासवर्ड मॅनेजरचा पिन आठवावा लागतो, आणि वर्षानुवर्षे केवळ बोटानेच फोन उघडणाऱ्याला तो नेमक्या त्याच वेळी आठवत नाही. म्हणून नदीकाठच्या माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन गोष्टी करायला लावते: आठवड्यातून एकदा फोन बोटाऐवजी पिनाने उघडायचा, आणि महत्त्वाच्या खात्याची दुसरी पासकी घरातल्या विश्वासाच्या अशा माणसाच्या फोनवर तयार करून ठेवायची, जो पुराच्या पट्ट्याबाहेर राहतो.