‘किंवा’ की ‘आणि’ : संपादित जमिनीच्या हक्कामागचा न्यायालयीन इतिहास

कोयनेच्या पाण्याखाली पाटण आणि जावळी तालुक्यांतील गावे गेली, त्या काळात मालमत्तेचा हक्क हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क होता. राज्यात पुनर्वसनाचा कायदा मात्र 1976 साली आला. हक्क होता तरी तो बजावायचा कसा, हे धरणग्रस्तांना सांगणारे कोणी नव्हते. तो हक्क पुढे कसा पातळ होत गेला, हे एका शब्दावरून कळते. सरकारने द्यायचा ‘मोबदला’ म्हणजे जमिनीची पुरेपूर किंमत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1953 मध्ये ठरवले. त्यावर उत्तर म्हणून 1955 मध्ये, मोबदला पुरेसा आहे की नाही हा प्रश्न न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारी घटनादुरुस्ती झाली. 1970 च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या निकालात न्यायालयाने पुन्हा पुरेपूर किमतीचा आग्रह धरल्यानंतर, 1971 मध्ये, ‘मोबदला’ हा शब्दच काढून त्या जागी ‘रक्कम’ हा शब्द घालण्यात आला. 20 जून 1979 पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला आणि अनुच्छेद 300अ खाली, म्हणजे ‘कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेतली जाणार नाही’ एवढ्या एका वाक्यात, केवळ घटनात्मक हक्क म्हणून उरला.

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला आज ज्याची झळ बसते, तो वाद मात्र अलीकडचा आहे. 1894 चा भूसंपादन कायदा जाऊन 1 जानेवारी 2014 रोजी नवा कायदा लागू झाला. त्याच्या कलम 24(2) चा आशय असा, की जुन्या कायद्याखालील निवाड्याला, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाला, पाच किंवा अधिक वर्षे झाली असतील आणि प्रत्यक्ष ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल, तर ते संपादन व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द झालेले, समजावे. त्याच जानेवारीत, पुण्यातील एका प्रकरणात, तीन न्यायमूर्तींनी असे ठरवले, की पैसे सरकारी तिजोरीत भरणे म्हणजे मोबदला देणे नव्हे. त्या आधारावर देशभरात दावे दाखल झाले. 2018 मध्ये तेवढ्याच न्यायमूर्तींच्या दुसऱ्या पीठाने उलट मत दिले, म्हणून प्रश्न पाच जणांपुढे गेला, आणि 6 मार्च 2020 रोजी त्यांनी कलमातील ‘किंवा’ हा शब्द ‘आणि’ असा वाचला. ताबा घेणे आणि मोबदला देणे या दोन्ही गोष्टी करायच्या राहून गेल्या असतील तरच संपादन व्यपगत. एक जरी झाली असेल तरी ते कायम.

त्या निकालामागे तर्क आहे, हे मान्य केले पाहिजे. देऊ केलेले पैसे ज्याने स्वतः नाकारले, त्याला त्या नकाराचा लाभ मिळू नये, हे पटण्यासारखे आहे. परंतु याच निकालाने पंचनाम्यालाही ताबा मानले, आणि तो पंचनामा कसा होतो हे गावात राहणाऱ्याला माहीत असते : चतुःसीमा लिहिलेला एक कागद, दोन पंचांच्या सह्या किंवा अंगठे, आणि शेतात त्याच मालकाचा उभा ऊस. सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरी शासनाचे नाव चढते, नांगर मात्र जुनाच चालू राहतो. संसदेने विचारपूर्वक ‘प्रत्यक्ष ताबा’ असे लिहिले होते. त्यातील ‘प्रत्यक्ष’ हा शब्द न्यायालयाने निष्प्रभ केला, असे माझे स्पष्ट मत आहे.

300अ मध्ये पुन्हा जीव येत आहे, तोही निकालांमुळेच. जानेवारी 2020 मध्ये हिमाचलातील एका निरक्षर वृद्धेच्या खटल्यात, संपादनाशिवाय 1967-68 मध्ये रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीवर सरकारला प्रतिकूल कब्जा, म्हणजे दीर्घकाळच्या कब्जामुळे मिळालेली मालकी, सांगता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. मे 2024 मध्ये नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, रास्त मोबदला, वेळेत कार्यवाही आणि अंतिम पूर्तता असे सात पोटहक्क त्याच एका वाक्यातून काढून दाखवण्यात आले. जानेवारी 2025 मध्ये कर्नाटकातील शेतकऱ्यांना, ज्यांच्या जमिनीची अधिसूचना 2003 ची आणि निवाडा 2019 चा होता, 2003 ऐवजी 2019 च्या बाजारभावाने मोबदला देण्याचा आदेश झाला. तो आदेश न्यायालयाच्या विशेष अधिकारातला असल्यामुळे आपल्याकडील वाढीव मोबदल्याच्या दाव्यांना आपोआप लागू होत नाही. तरीही विलंबाने झालेल्या निवाड्याविरुद्ध दाद मागणाऱ्याने मूल्यांकनाची तारीख हा मुद्दा अर्जात प्रथमपासून घ्यावा.