हरभऱ्यावर उलटी लटकलेली अळी

हरभऱ्याच्या वावरात फिरताना एखादी घाटेअळी झाडाच्या पार शेंड्यावर मागच्या पायांनी धरून डोकं खाली करून लटकलेली दिसली, अंग पांढुरकं नाहीतर काळपट पडलंय, हात लावला की कातडी फुटून पाणी बाहेर येतंय, तर तिला तिथंच राहू द्या. ती औषधानं मेलेली नाही. तिला व्हायरस लागलाय, आणि मरायच्या आधी एवढं उंच चढायला लावलं तेही त्या व्हायरसनंच.

ह्याला एचएएनपीव्ही म्हणतात, त्यातलं एचए अळीच्या हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ह्या शास्त्रीय नावावरून आणि एनपीव्ही म्हणजे व्हायरसचा प्रकार, न्यूक्लिओपॉलिहेड्रोव्हायरस. आता व्हायरस म्हणजे काय तर थोडी जनुकं अन् भोवती प्रथिनाचं कवच, बाकी ना खाणं ना श्वास, एकाचे दोनसुद्धा स्वतःहून होत नाही. वावर दुसऱ्याचं, बैल दुसऱ्याचे, खतही दुसऱ्याचंच, ह्याच्याजवळ फक्त बियाणं. त्यामुळे ज्याला पकडायचं त्याच्या जगण्यातलीच एखादी गोष्ट त्याला वापरावी लागते, आणि माझ्या मते तो बहुतेक वेळा अशीच गोष्ट धरतो जी सोडून देणं त्या जिवाला परवडतच नाही.

अळीचंच बघा. ह्या व्हायरसचे कण प्रथिनाच्या बारीक दाण्यात बंद असतात, असा दाणा पानावर नुसता पडून राहतो. अळीनं ते पान खाल्लं की दाणा पोटात. आता अळीच्या मधल्या आतड्यात आम्ल नसतं, उलट पीएच १० च्या आसपास असतो, पाला पचवायला तिला तसंच आतडं लागतं, आणि हा दाणा विरघळतो तो नेमका तिथंच. मग कण मोकळे होतात, आतड्याच्या पेशीत शिरतात, त्यांचा डीएनए पेशीच्या केंद्रकात पोचतो आणि ती पेशी स्वतःची कामं बाजूला ठेवून व्हायरसच्या प्रती काढायला लागते.

अळी पण गप बसत नाही. कात टाकते तेव्हा लागण झालेल्या आतड्याच्या पेशी पण ती झाडून टाकू शकते, म्हणजे रोगच बाहेर. म्हणून व्हायरस घाई करतो, आतड्यात फार न रेंगाळता श्वासनलिकांच्या पेशींमध्ये उतरतो आणि तिथून सगळ्या अंगात. सुरुवातीला जे कण बनतात ते उघडे, पेशीतून पेशीत जायला सोयीचे, आणि शेवटी शेवटी जे बनतात ते दाण्यात बंद, पुढच्या अळीसाठी. शिवाय त्याच्याजवळ ईजीटी नावाचं एक जनुक असतं, १९८९ मध्ये ह्याच कुळातल्या दुसऱ्या एका व्हायरसमध्ये त्याचं काम कळलं. त्यापासून बनणारं एन्झाइम अळीचं कात टाकायचं हार्मोनच निकामी करतं. मग अळी कात टाकत नाही, खात राहते, अन् तिचं अंग जेवढं मोठं तेवढं व्हायरसचं पीक जास्त.

आणि ते शेंड्यावर चढणं? २०२२ साली चिनी संशोधकांनी ह्याच अळीवर काम केलं, त्यात दिसलं की लागण झाली की तिची उजेडाकडे जायची ओढ वाढते, आणि उजेड ओळखणारी जनुकं बंद केली तर ती तेवढी चढत नाही. म्हणजे डोळे अळीचेच, कामाला लावले व्हायरसनं. वर जाऊन ती मरते, व्हायरसचीच एन्झाइम्स तिची कातडी विरघळवतात, आणि कोट्यवधी दाणे खालच्या पानांवर गळतात. हेच दाणे पाण्यात मिसळून औषधासारखे फवारतातही, आणि त्यांचं माप एलईत मोजतात. एका एलईत, म्हणजे हिशोबाच्या एका अळीत, ६०० कोटी दाणे धरतात, आणि हेक्टरी २५० ते ५०० एलई फवारायची शिफारस असते.

हे मला एवढं महत्त्वाचं का वाटतं ते सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारा मारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं मज्जातंतूंच्या ज्या एन्झाइमवर घाव घालतात ते अळीतही आहे अन् माणसातही. एचएएनपीव्हीचं तसं नाही. तो मधमाशीला, बैलाला, पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला लागत नाही, कारण आपल्या पेशीत त्याचं पीक येतच नाही.

मात्र त्याच्या अडचणी आहेत आणि त्या माहीत नसल्या की माणूस म्हणतो काही फरक पडला नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो लवकर मरतो, म्हणून फवारा संध्याकाळी आणि त्यात थोडी नीळ टाकायची. अळी मरायला काही दिवस जातात. मोठ्या अळीवर असर कमी, लहान असतानाच मारायचा. आणि हरभऱ्याच्या पानावरची काही रसायनं पण त्याचा जोर कमी करतात.

सोडून देणं परवडत नाही अशीच गोष्ट धरायची ही चाल अळीपुरती नाही. बॅक्टेरियाला लागणारे व्हायरस पण असतात, फेज म्हणतात त्यांना, १९१५ मध्ये ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये देरेल ह्या शास्त्रज्ञांनी दाखवले. बरेचसे अर्ध्याएक तासात बॅक्टेरिया फोडून बाहेर पडतात. पण काही फोडत नाहीत, आत राहून जातात. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी-कोयलारीकडे विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला, लोकं दगावली, तर कॉलऱ्याचं जे विष माणसाच्या आतड्यातून पाणी उपसून काढतं, त्याचं जनुक मुळात बॅक्टेरियाचं नाहीच, एका फेजनं आणून दिलेलं आहे. १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकालानोस या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं. आणि हा फेज बॅक्टेरियात शिरतो कशाला धरून, तर केसासारख्या ज्या तंतूंच्या जोरावर तो बॅक्टेरिया आपल्या आतड्यात ठाण मांडतो, त्याच तंतूंना. तंतू सोडले तर फेज येणार नाही, पण मग आतड्यात टिकताही येणार नाही.