बॅकअपपासून क्लाउडमधील व्हर्च्युअल मशीन

संगणकाच्या संपूर्ण डिस्कच्या बॅकअपपासून क्लाउडमध्ये सुरू होऊ शकेल अशी व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाची, इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत असलेली फाइल) तयार करण्याची प्रक्रिया. मूळ यंत्र जळाले, चोरीला गेले, पुराच्या पाण्यात गेले किंवा नुसते म्हातारे झाले, तरी त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअर, सेटिंग आणि माहिती जशीच्या तशी दुसरीकडे चालू करणे हा तिचा हेतू. चालत्या यंत्रावरून व्हर्च्युअल यंत्राकडे जाण्याला या क्षेत्रात 'पी-टू-व्ही' (फिजिकल टू व्हर्च्युअल) म्हणतात. येथे मात्र मूळ यंत्र हाताशी असेलच असे नाही. कधीकधी बॅकअपची फाइल तेवढी उरलेली असते.

त्यामुळे बॅकअप कोणत्या जातीचा आहे यावर पुढचे सगळे ठरते. फक्त फाइलींचा बॅकअप म्हणजे बिऱ्हाडातले सामान. ते ठेवायला आधी नवे घर बांधावे लागते, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रत्येक सॉफ्टवेअर नव्याने बसवावे लागते. इमेज बॅकअपमध्ये घरच उचललेले असते: पार्टिशनची (डिस्कच्या कप्प्यांची) रचना, बूट होण्यासाठी, म्हणजे यंत्र सुरू होण्यासाठी, लागणारा भाग, सिस्टिमच्या फाइली, सारे काही. रोजचा बॅकअप बहुधा आदल्या दिवसानंतर बदललेल्या भागांपुरताच असतो. म्हणून इमेज बनवताना मूळ पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरची साखळी जोडून एका ठरावीक क्षणाची सलग डिस्क उभी करावी लागते. साखळीतली एक कडी जरी खराब असली तरी तिच्या पुढचे दिवस हाती लागत नाहीत.

एका यंत्रावर अनेक यंत्रे चालवण्याची कल्पना आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर रुजली. व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ ची. साध्या पीसीवर ती व्हीएमवेअरने १९९९ मध्ये आणली. कनेक्टिक्स या कंपनीचे व्हर्च्युअल पीसी हे तंत्रज्ञान मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये घेतले आणि त्यासोबत व्हीएचडी हा डिस्क साठवण्याचा साचा आला. विंडोज व्हिस्टापासून सिस्टिमचा पूर्ण बॅकअप याच साच्यात साठवला जाऊ लागला. बॅकअप आणि व्हर्च्युअल डिस्क यांची सीमारेषा पुसट झाली ती येथे. असे असले तरी त्या बॅकअपमधली फाइल उचलून थेट चालू करता येत नाही. प्रत्येक पार्टिशनची वेगळी फाइल होते आणि बूटचा भाग बहुधा दुसऱ्याच पार्टिशनमध्ये असतो. चालत्या विंडोजची सलग व्हीएचडी काढून देणारे डिस्क-टू-व्हीएचडी हे छोटे साधन मायक्रोसॉफ्टमधले मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी २००९ मध्ये दिले आणि ते आजही वापरात आहे.

ॲमेझॉनची ईसी-टू ही भाड्याच्या यंत्रांची सेवा २००६ मध्ये सुरू झाली. बाहेरची इमेज तिच्यात आणण्याची सोय मिळाली डिसेंबर २०१० मध्ये, आणि तीही आधी विंडोज सर्व्हर २००८ पुरतीच. आज मोठ्या तिन्ही क्लाउड सेवा बाहेरच्या इमेज स्वीकारतात, पण प्रत्येकीचे सोवळे वेगळे. ॲमेझॉनला व्हीएमडीके, व्हीएचडी, ओव्हीए या साच्यांतली किंवा साधी रॉ (कोणताही साचा नसलेली) डिस्क चालते. ती आधी एस-थ्री या साठवण सेवेत चढवायची आणि मग आयात करायची. मायक्रोसॉफ्टच्या अझुरला व्हीएचडीच हवी. नंतर आलेला व्हीएचडीएक्स हा साचा चढवण्यासाठी चालत नाही. व्हीएचडी ठरावीक, न वाढणाऱ्या आकाराची हवी आणि डिस्कचा आकार पूर्ण एमबीत मोजला जावा लागतो. गूगल क्लाउडला 'डिस्क डॉट रॉ' याच नावाची फाइल टार आणि जीझिप या दाबून बांधण्याच्या पद्धतींत बांधून द्यावी लागते. साचा बदलण्याचे काम क्यूईएमयू या व्हर्च्युअल यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत मिळणारी 'qemu-img' ही मोफत आज्ञावली एका ओळीत करते. या प्रक्रियेची वर्णने बहुतेकदा साच्यांच्या तक्त्यावर संपतात. खरे तर अवघड काम त्यानंतर सुरू होते.

अवघड आहे ते यंत्र बूट होणे. जुनी सिस्टिम ज्या हार्डवेअरवर वाढली ते क्लाउडमध्ये नसते. डिस्क जोडण्याची पद्धतही प्रत्येक ठिकाणी वेगळी: ॲमेझॉनच्या आजच्या यंत्रांवर डिस्क एनव्हीएमई म्हणून दिसते, अझुरच्या अनेक यंत्रांवर ती मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या स्वतःच्या मार्गाने, तर लिनक्समधल्या केव्हीएमवर उभारलेल्या अनेक सेवांमध्ये व्हर्टआयओने. विंडोजमध्ये त्या डिस्कचा ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारे छोटे सॉफ्टवेअर) नसेल, किंवा असूनही रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, तो बूटच्या वेळी चालू करण्याची नोंद नसेल, तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सुरू होतो, पण स्वतःचीच डिस्क त्याला सापडत नाही. मग निळ्या पडद्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' हे शब्द उमटतात. फाइली सगळ्या शाबूत असतात, तरी यंत्र उठत नाही. उपाय असा की इमेज दुसऱ्या यंत्राला जोडायची, बंद विंडोजची रजिस्ट्री बाहेरून उघडायची, ड्रायव्हर आत ठेवायचा आणि नोंद बदलायची. लिनक्स बनवणाऱ्या रेड हॅटच्या परिवारातले 'व्हर्ट-व्ही-टू-व्ही' हे साधन हेच काम आपोआप करते. बॅकअपच्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्येही 'वेगळ्या हार्डवेअरवर रिस्टोअर' म्हणून ही सोय असते.

लिनक्सचे दुखणे वेगळ्या ठिकाणी. बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या 'इनिटरॅमएफएस' या छोट्या फाइलसंचात डिस्कचे ड्रायव्हर असतात. रेड हॅट आणि तिच्या भावंडांत हा संच सहसा त्याच यंत्रापुरता बांधलेला असतो, म्हणून परक्या यंत्रावर तो अपुरा पडतो. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांत तो मुळातच भरगच्च असल्याने ही अडचण कमी येते. कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये डिस्कचे नाव 'एसडीए' असे लिहून ठेवले असेल तर नव्या जागी त्या नावाची डिस्कच नसते. त्याऐवजी यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा न बदलणारा ओळखक्रमांक, लिहिलेला असेल तर काम सुरळीत होते. नेटवर्क कार्डाचे नावही बदलते. हाताने टाकलेला आयपी पत्ता काढून डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळण्याची सोय) चालू केले नसेल, तर यंत्र सुरू होते पण कोणाशी बोलत नाही. क्लाउडमध्ये कीबोर्ड आणि पडदा समोर नसतात. अशा वेळी सिरियल कन्सोलवर (यंत्राचे संदेश अक्षरांत दूरवर दाखवणाऱ्या जोडणीवर) उमटणारे संदेश हाच आधार, आणि बॅकअपमध्ये तो कन्सोल चालू करून ठेवलेला नसेल तर तोही नाही.

बॅकअप ज्या क्षणी घेतला त्या क्षणी सॉफ्टवेअर काय करत होते, यालाही महत्त्व आहे. चालत्या यंत्राची नुसती नक्कल म्हणजे वीज अचानक गेल्यावरची डिस्क. विंडोजमधली व्हीएसएस ही सोय डेटाबेसला क्षणभर थांबायला सांगते, अर्धवट लिहिलेले पूर्ण करून घेते आणि मग चित्र टिपते. डेटाबेसच्या सर्व्हरसाठी असा थांबवून टिपलेलाच बॅकअप विश्वासाने वापरावा.

नवे यंत्र उठते तेव्हा आपण जुन्या यंत्राची प्रत आहोत हे त्याला माहीत नसते, आणि हा धोका पुरेसा ओळखला जात नाही. वेळेवर लावलेली कामे ते लगेच करू लागते: ग्राहकांना बिलांचे ईमेल पुन्हा जातात, बँकेला पाठवायची फाइल दुसऱ्यांदा निघते. म्हणून चाचणी नेहमी बाहेरच्या जगापासून तोडलेल्या नेटवर्कवर करायची. डोमेन कंट्रोलर, म्हणजे संस्थेतल्या सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, जुन्या इमेजवरून उठवला तर बाकीच्या कंट्रोलरांशी त्याचा हिशेब जुळेनासा होतो. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये व्हर्च्युअल मशीनची ओळख तपासण्याची सोय त्यासाठीच आली.

इमेज वर चढवायला लागणारा वेळ आधी मोजावा. ५०० जीबीची इमेज १०० एमबीपीएसच्या अपलोडवर सुमारे ११ तास घेते, २० एमबीपीएसवर दोन दिवसांहून जास्त. आपत्ती आल्यावर हे करायला घेणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. बॅकअप रोज क्लाउडमध्येच जात असेल तर ही अडचण उरत नाही. महाराष्ट्रातल्या वापरकर्त्यांसाठी जागा जवळ आहे: अझुरचा मध्य भारत विभाग २०१५ पासून पुण्यात, ॲमेझॉनचा २०१६ पासून आणि गूगलचा २०१७ पासून मुंबईत. पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिला. त्यामुळे अशा यंत्रांची इमेज कोणत्या विभागात ठेवायची हा केवळ वेगाचा प्रश्न राहत नाही.

काही गोष्टी इमेजसोबत येतच नाहीत. यंत्रासोबत विकत मिळालेला विंडोजचा ओईएम परवाना त्याच यंत्राला बांधलेला असतो. हिशेबाचे किंवा आरेखनाचे जे सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल (परवाना सिद्ध करणारी यूएसबीची किल्ली) मागते त्याला क्लाउडमध्ये डोंगल लावायला जागा नसते. बंद डिस्कची सेक्टरगणिक नक्कल घेतली असेल आणि तिच्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन, असेल, तर नव्या जागी ४८ अंकी रिकव्हरी की द्यावी लागते. ती की त्याच बुडालेल्या यंत्रात ठेवलेली असेल तर बॅकअप असून नसल्यासारखा होतो.

बॅकअपची काही सॉफ्टवेअरे ठरल्या वेळी इमेज आपोआप उठवून लॉगिनच्या पडद्याचे छायाचित्र काढून ठेवतात. विंडोज जागे झाले एवढेच त्यातून कळते. डेटाबेसची सेवा सुरू झाली का आणि आतली नोंद पुरी आहे का, हे आत शिरूनच पाहावे लागते. त्यासाठी शेवटच्या बिलाचा क्रमांक बॅकअपच्या वेळच्या क्रमांकाशी ताडून पाहतात.