शालेय ग्रंथालयातील प्रकारनिहाय मांडणी

पुस्तके वर्गांकाच्या, म्हणजे विषयानुसार दिलेल्या अंकाच्या, क्रमाने न लावता रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, लोककथा, विनोद, कविता अशा प्रकारांनी लावण्याची पद्धत. मूल ज्या शब्दांत पुस्तक मागते, तेच शब्द कप्प्यावर लिहायचे, हा तिचा गाभा. मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना ती फार सोयीची आहे. तिथे ग्रंथपालाचे पद नसते. ग्रंथालयाचा चार्ज एखाद्या शिक्षकाकडे असतो आणि वर्ग सांभाळून देवघेवही त्यालाच पाहावी लागते.

पारंपरिक वर्गीकरण म्हणजे बहुधा ड्यूई दशांश पद्धती. मेल्विल ड्यूई यांनी ती १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात सगळ्या ज्ञानाचे ००० ते ९०० असे दहा वर्ग पडतात. माहितीच्या पुस्तकांना ही रचना उत्तम चालते. अडचण येते ती गोष्टींच्या पुस्तकांत. ८०० च्या वर्गात आधी भाषा पाहतात, मग साहित्यप्रकार, आणि भाषांतर मूळ भाषेच्या खात्यात जाते. म्हणून मराठीत लिहिलेली रहस्यकथा ८९१.४६३ वर, बंगालीतून आलेली ८९१.४४३ वर आणि इंग्रजीतून आलेली ८२३ वर जाऊन बसते. तिन्ही मराठीतच छापलेल्या, आणि सहावीतल्या मुलाला एकीमागून एक तिन्ही हव्या असतात. लोककथांचा ३९८.२ हा अंक तर सामाजिक शास्त्रांत, कायदा आणि शिक्षणशास्त्राच्या वर्गातच येतो.

गंगाखेडच्या शाळेतल्या मुलीने जनाबाई मागितली तर काय होईल, ते पाहावे. अभंग ८९१.४६१ वर, चरित्र ९२० च्या घरात, भक्तिपरंपरेवरचे पुस्तक २९४.५ मध्ये. जनाबाई तिच्याच गावची, पण पुस्तके तीन ठिकाणी. ‘आपल्याकडचे संत’ असा एक कप्पा केला की जनाबाईंशेजारी नरसीचे नामदेव, पैठणचे एकनाथ, आपेगावचे ज्ञानेश्वर आणि तेरचे गोरोबा काका येतात. मुक्तिसंग्राम, वेरूळ-अजिंठा, दौलताबादचा किल्ला यांसाठी ‘आपला मुलूख’ हा कप्पाही करावा. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, भाषणाची तयारी करणारी मुले आधी तिथेच हात घालतील. कप्प्यांची नावे बाहेरून आयती आणू नयेत, असे नोंदकर्त्याचे ठाम मत आहे. ‘साहसकथा’पेक्षा ‘धाडसाच्या गोष्टी’ दुसरीतल्या मुलाला लवकर कळते.

मांडणी बदलली तरी दाखल नोंदवहीला, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहिण्याच्या वहीला, हात लावायचा नसतो. प्रत्येक पुस्तकाचा दाखल अंक तोच राहतो. देवघेव आणि वार्षिक मोजणी त्यावरच चालते. प्रकार दाखवायला रंगीत पट्टी लावतात. ती पुस्तकाच्या पाठीवर लावावी असे सांगितले जाते, पण मुलांची कितीतरी मराठी पुस्तके सोळा-चोवीस पानांची, पिना मारलेली असतात. त्यांना पाठच नसते. कपाटात उभी केली की ती वाकतात आणि मोठ्या पुस्तकांआड दिसेनाशी होतात. अशा पुस्तकांची पट्टी मुखपृष्ठाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लावावी आणि पुस्तके दोरीला चिमट्याने टांगावीत किंवा उघड्या खोक्यात चाळता येतील अशी ठेवावीत. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात पट्टीचा डिंक सुटतो, म्हणून वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी मारणे बरे. रंग आठ-दहाच्या वर नकोत. सोबत छोटे चित्रही हवे, कारण काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही आणि पहिलीच्या मुलाला अजून वाचता येत नसते.

आक्षेपही खरे आहेत. भुताची गोष्ट विनोदी असली तर कुठे ठेवायची? ती वाचलेल्या मुलांनाच विचारावे. त्यांचे बोट ज्या कप्प्याकडे जाईल, तिथे ठेवावी. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : पुढे महाविद्यालयात ड्यूईच भेटणार, मग त्याची ओळख कधी व्हायची? म्हणून माध्यमिक शाळेत गोष्टी प्रकाराने आणि माहितीची पुस्तके वर्गांकाने, अशी मिश्र मांडणी जास्त योग्य. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे एक आहे. शाळेत ते आणखी नेमके लागू पडते, कारण पुस्तक शोधायला मुलाच्या हाती मधल्या सुट्टीतली काही मिनिटेच असतात.

उर्दू माध्यमाचे वर्ग असलेल्या शाळांत दोन्ही भाषांना रंग तेच ठेवावेत, कप्पे वेगळे करावेत. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते, म्हणून त्याची पट्टी उजव्या कोपऱ्यात.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही गाव सोडतात. कपाट सांभाळणारी मुले त्यांत असली तर वर्षाच्या मध्यात नवी नेमावी लागतात. दशांश क्रम त्यांना शिकवायला कित्येक तास जातील. रंग आणि चित्र पाहून मात्र चौथीतली मुलगी त्याच दिवशी पुस्तके जागेवर लावू लागते. जाणाऱ्या मुलांना प्रत्येकी चार-पाच पुस्तके दाखल अंक लिहून बरोबर द्यावीत. उन्हाळ्यात ती पुस्तके परत येतील तेव्हा काहींचे कोपरे दुमडलेले, काहींची पट्टी गेलेली असेल. चित्र पाहून नवी पट्टी लावता येते.