ॲनिमेशनपटाची प्रतीक्षा (ग्रामीण विदर्भ)

मोठ्या कल्पनारम्य ॲनिमेशनपटाची घोषणा झाल्यापासून तो तालुक्याच्या टाकीजला लागेपर्यंतचा काळ, आणि त्या काळात प्रेक्षक, शाळा, टाकीजमालक व वितरक यांच्यात चालणारा व्यवहार. शहरातली वाट पाहणी प्रदर्शनाच्या शुक्रवारी संपते. वाशीम, यवतमाळ, गडचिरोलीकडच्या खेड्यांत तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहतो: ‘आपल्या टाकीजले कवा लागते?’ त्याचे उत्तर कोणत्याच जाहिरातीत नसते.

जाहिरातीचा क्रम ठरलेला आहे: घोषणेची झलक, पोस्टर, टीझर, ट्रेलर, गाणी. घोषणेची झलक बहुतेकदा चित्रपटाचे बरेच काम बाकी असतानाच निघते, म्हणून तीत दिसलेली तारीख पक्की धरू नये. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने १०० मिनिटांच्या चित्रपटात १,४४,००० चौकटी होतात. एखादा प्रसंग बदलला की त्यातली हालचाल, प्रकाश आणि रेंडर (संगणकाने चौकटीचे अंतिम चित्र तयार करणे) हे सारे पुन्हा करावे लागते, आणि तारीख सरकते. डबिंगही चित्र पक्के झाल्याशिवाय पुरे होत नाही. हिंदी ट्रेलर आणि आगाऊ बुकिंग दिसल्याखेरीज गावात तारीख सांगत फिरू नये. लेकरांचा हिरमोड होतो आणि दुसऱ्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही. ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट २५ जुलै २०२५ रोजी लागला, तेव्हा मालिकेतल्या पुढच्या ‘परशुराम’साठी २०२७ हे वर्ष आधीच जाहीर झालेले होते. दोन वर्षांच्या अशा फटीत खोटे ट्रेलर उगवतात. जुन्या गेममधली दृश्ये जोडून किंवा एआयने बनवून ते व्हॉट्सॲपवर फिरवले जातात. खात्री एकाच मार्गाने होते: निर्मात्याच्या किंवा वितरकाच्या अधिकृत चॅनेलवर तो आहे का, ते पाहावे. ट्रेलरवर सेन्सॉरचे प्रमाणपत्र नाही, एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. प्रमाणपत्र टाकीजमध्ये दाखवायच्या ट्रेलरला लागते, नेटवरच्या नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर हातोहात फिरलेल्या ट्रेलरची पार रया गेलेली असते. शाळेत डिजिटल वर्ग असेल तर अधिकृत ट्रेलर तिथल्या मोठ्या पडद्यावर एकदा दाखवावा.

चित्रपट व्यवसायाच्या नकाशावर विदर्भ ‘सी.पी.-बेरार’ (मध्य प्रांत-वऱ्हाड) या जुन्या विभागात मोडतो. त्यात छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातला महाकोशलही येतात, आणि अमरावती हे वितरकांचे जुने ठाणे आहे. विभाग मुख्यतः हिंदी, म्हणून तालुक्याला येते ती हिंदी प्रत. मोठ्या ॲनिमेशनपटाचे मराठी डबिंग क्वचितच होते. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला संस्कृतप्रचुर हिंदी संवाद जड जातात. पात्रांची नावे आणि कथेचा धागा आधी मराठीत सांगून ठेवला की ते मूल मध्येच प्रश्न न विचारता पडद्यात गुंगून जाते.

सगळ्यात कमी माहीत असलेला अडथळा यंत्राचा. परदेशी स्टुडिओ आपली प्रत बहुधा ‘डीसीआय’ (हॉलीवूड स्टुडिओंनी मिळून ठरवलेल्या तांत्रिक) दर्जाच्याच प्रोजेक्टरला देतात. लहान गावांतल्या अनेक टाकीजांत उपग्रहावरून चित्रपट उतरवणारी, त्याहून स्वस्त ई-सिनेमा यंत्रणा बसलेली असते. भारतात ती २००५ च्या सुमारास पसरू लागली. तिच्यावर हिंदी चित्रपट विनासायास चालतो, पण हॉलीवूडचा ॲनिमेशनपट हिंदीत डब होऊनही बहुधा येत नाही. मालकाला मागणी दिसत नाही असे वाटून त्याच्याशी वाद घालण्याआधी ऑपरेटरला यंत्र कोणते ते विचारावे. डीसीआय यंत्रणेतही प्रत कुलूपबंद येते. ती उघडणारी डिजिटल किल्ली, केडीएम, टाकीजमधल्या चित्रपट चालवणाऱ्या त्या एकाच सर्व्हरसाठी आणि ठरलेल्या तारीख-वेळेपुरती चालते. सर्व्हर बदलला आणि नवा क्रमांक कळवला नाही, किंवा किल्लीची मुदत पहिल्या खेळानंतर सुरू होत असेल, तर खेळ रद्द होतो. म्हणून ऑपरेटरने गुरुवारी रात्रीच प्रत उघडून पाहावी.

प्रतीक्षेला शेतीचे पंचांगही लागू आहे. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि मळणी, पूर्वेकडे धानकापणी, पुढे महिनोन्‌महिने कापसाची वेचणी. या दिवसांत मुलांना तालुक्याला नेणारा मोकळा माणूस घरात सापडत नाही, मात्र माल विकल्यावर हातात पैसा असतो. दिवाळीनंतर चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावी रात्रभर नाटक असेल तर त्या दिवशी टाकीज रिकामीच. एप्रिल-मे ही देशभर मुलांच्या चित्रपटांची सुगी, पण इथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो; कूलर धड नसलेल्या टाकीजचा दुपारी १२ चा खेळ लेकरांसाठी टाळलेलाच बरा. सर्वांत सोयीचा काळ पोळ्याच्या आसपासचा. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर फिरल्यावर मिळालेला बोजारा मुलांच्या खिशात असतो आणि शेतीची कामेही थोडी सैल पडलेली असतात.

गावातून गट करून जाणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. लहान टाकीज शुक्रवारचे खेळ आठवड्याच्या मध्यावर पक्के करते. म्हणून सोमवारी किंवा मंगळवारीच मॅनेजरला भेटून डोकी सांगावी, आणि ‘येऊ’ असे तोंडी न सांगता काही रक्कम जमा करावी. तीन-चार गावे किंवा दोन शाळा मिळून शे-दीडशे जण झाले तर सकाळचा जादा खेळही मागता येतो. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे त्या दिवशीचा ३ चा खेळ सोयीचा. शाळेमार्फत न्यायचे तर मुख्याध्यापकांचे पत्र आणि पालकांची लेखी संमती आधी घ्यावी. परतीची गाडी पाहूनच खेळ ठरवावा. ६ चा खेळ साडेआठपर्यंत चालतो आणि मुक्कामी एसटी त्याआधीच निघून गेलेली असते. मग काळीपिवळीवाला मागेल ते भाडे द्यावे लागते. एसटीत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही. ३० मुले, ६ बाया आणि ४ पुरुष निघाले तर भाडे २२ पूर्ण तिकिटांइतकेच होते. टाकीजचे तिकीट १०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. गटासाठी दर ठरवताना तो १०० च्या आत ठेवायला सांगावे.

नोव्हेंबर २०२४ पासून सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. हे पालकांसाठीचे मार्गदर्शन आहे. त्या वयाखालच्या मुलाला दारावर अडवता येत नाही. तरीही राक्षसांच्या लढाया असलेल्या चित्रपटाला पाच वर्षांचे मूल नेताना मोठे माणूस त्याच्या शेजारीच बसावे. थ्रीडीचा हट्ट लहान टाकीजात धरू नये. चष्म्याने निम्म्याहून जास्त प्रकाश जातो आणि प्रोजेक्टरचा दिवा जुना असेल तर रात्रीच्या प्रसंगांत काळ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही.

चित्रपट दुसऱ्या आठवड्यात राहणार की उतरणार, हे पहिल्या सोमवारच्या गल्ल्यावर बरेचसे ठरते. ‘नरसिंह’ची गर्दी ऐकीव कौतुकाने दिवसागणिक वाढत गेली, पण हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मोठी जाहिरात नसलेला चित्रपट बघायचा असेल तर पहिल्याच शनिवार-रविवारी जावे. राहिला तरी दुसऱ्या आठवड्यात त्याला बहुधा दिवसाचा एकच खेळ उरतो, तोही शाळेच्या वेळेत.